सोलापूरचं रोजचं अप-डाऊन : प्रवासातला वेळ कामी कसा लावायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बार्शी, मोहोळ, अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, मंगळवेढा, मंद्रूप, कुर्डुवाडी. सोलापुरातून या गावांना रोज जाणारे, आणि तिथून सोलापूरला येणारे, शिक्षक, बँकवाले, कारखान्यातले कामगार आणि विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागत असेल तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जाऊन-येऊन तीन तास जातात, पण हाताला काहीच लागत नाही. सुरुवात कुठून करायची?

आधी ते तीन तास खरंच तीन तास आहेत का, ते पाहा. बहुतेकांची गडबड इथेच होते. "रोज तीन तास मिळतात" असं धरून जाड पुस्तक पिशवीत टाकतात आणि आठवड्यात वीस पानंही होत नाहीत, कारण तो वेळ सलग नसतो, तुकड्यांत असतो.

तीन दिवस एका कागदावर फक्त वेळा टिपा: घरातून निघालो, स्टँडवर पोहोचलो, बस सुटली, गावाबाहेर पडलो, मुक्कामाच्या गावात शिरलो, उतरलो. सोलापूर-बार्शी सुमारे ७० किलोमीटर. त्यात साधारण चार तुकडे पडतात. पहिला बस येईपर्यंतचा. दुसरा बस सुटल्यापासून शहर सुटेपर्यंतचा: जागा, तिकीट, सुट्टे पैसे, मध्येच चढणारी माणसं. तिसरा मोकळ्या रस्त्याचा. चौथा उतरायच्या आधीची दहा मिनिटं.

डोकं लावायचं काम फक्त तिसऱ्या तुकड्यात होतं. दीड तासाच्या प्रवासात तो पन्नास मिनिटांच्या आसपास निघतो. बाकीचे तुकडे वाया जात नाहीत, पण त्यांना वेगळं काम द्यावं लागतं (प्रश्न २). बेत या पन्नास मिनिटांवर करा, तीन तासांवर नको. बेत लहान वाटेल, पण तो पुरा होतो.

२. कोणत्या तुकड्यात कोणतं काम बसतं?

कामाला काय लागतं ते बघायचं: हात, डोळे, कान की डोकं.

स्टँडवर थांबताना डोळे बसच्या पाटीवर असतात आणि कान घोषणेकडे, म्हणून तिथे मोडता येणारं काम ठेवा: दिवसाची यादी, दोन निरोपांची उत्तरं, वीजबिल. शहर सुटेपर्यंत फक्त ऐकण्याचं. मोकळ्या रस्त्यावर वाचन किंवा पाठांतर. शेवटच्या दहा मिनिटांत नवीन काहीही सुरू करू नका. जे वाचलं त्यातलं काय आठवतं ते डोळे मिटून मनात म्हणा. याचा उपयोग पुन्हा वाचण्यापेक्षा जास्त होतो.

सकाळ आणि संध्याकाळ एकसारखी धरू नका. सकाळी डोकं ताजं असतं, तेव्हा अभ्यास. संध्याकाळी शाळा-ऑफिस करून थकलेल्या माणसाने अवघड प्रकरण उघडलं तर तेच पान तीनदा वाचून होतं. परतताना कादंबरी, गाणी, हलकं ऐकणं किंवा झोप (प्रश्न १२).

३. बसमध्ये वाचायला लागलं की पाच मिनिटांत मळमळतं. उपाय आहे का?

डोळे स्थिर पानावर असतात आणि कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग हलणं टिपत असतो. मेंदूला दोन वेगळे निरोप मिळतात, त्यातून मळमळ होते. ज्यांना हा त्रास जास्त आहे त्यांनी वाचनाचा हट्ट सोडून ऐकण्याकडे वळावं (प्रश्न ८).

त्रास थोडा असेल तर जागा बदलून बराच फरक पडतो. मागच्या चाकांवर आणि त्यामागे दणके सगळ्यात जास्त बसतात. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली सीट सगळ्यात शांत. पुस्तक मांडीवर ठेवून मान खाली घालू नका. पिशवी मांडीवर उभी करा, पुस्तक त्यावर टेकवा, म्हणजे नजर वर राहते. दहा मिनिटं वाचलं की दोन मिनिटं दूर शेताकडे बघा. वळणांवर, म्हणजे तुळजापूरच्या घाटात किंवा गावातल्या गल्लीबोळांतून बस जाताना, पुस्तक मिटून ठेवा.

रिकाम्या पोटी त्रास वाढतो, गच्च जेवल्यावरही वाढतो. प्रवासात उलटी होऊ नये म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांनी गुंगी येते. त्या रोज घेण्यासाठी नाहीत. घ्यायच्याच असतील तर डॉक्टरांना विचारून, आणि पुढे गाडी चालवायची नसेल तेव्हाच.

४. खिडकीत बसलं की ऊन थेट पुस्तकावर येतं. कोणत्या बाजूला बसायचं?

हे रस्त्याच्या दिशेवर ठरतं आणि आपल्या जिल्ह्यात ते एकदा समजून घेतलं की वर्षभर पुरतं. सकाळी सोलापुरातून निघून संध्याकाळी परतणाऱ्यांसाठी असं:

बार्शी आणि तुळजापूर उत्तरेला आहेत. सकाळी पूर्व ड्रायव्हरच्या बाजूला येते. परतताना तोंड दक्षिणेला होतं, मग पश्चिमही ड्रायव्हरच्याच बाजूला. म्हणजे दोन्ही वेळा दाराच्या बाजूला बसा. मोहोळ-टेंभुर्णी रस्ता वायव्येला जातो, तिथेही दाराचीच बाजू बरी. मंद्रूप आणि विजयपूरचा रस्ता दक्षिणेला, तिथे दोन्ही वेळा ड्रायव्हरची बाजू सावलीत. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे जाताना-येताना सूर्य पाठीशी राहतो, बाजूने फारसा फरक पडत नाही. अक्कलकोट आग्नेयेकडे असल्याने ऊन दोन्ही वेळा समोरून येतं. तिथे पुढच्या दोन-तीन रांगा टाळा.

सकाळी बाहेरगावाहून सोलापूरला येणाऱ्यांनी बाजू उलटी धरायची. मोहोळ, बार्शी, तुळजापूरकरांना ड्रायव्हरची बाजू, मंद्रूपकरांना दाराची. अक्कलकोटहून येणाऱ्यांच्या पाठीशी सूर्य असतो, त्यांना हवी ती जागा चालेल. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो तेव्हा हे वाचनासाठीच नाही, दिवसभर अंगात त्राण राहण्यासाठीही पाळावं.

५. बसायला जागाच मिळत नाही. उभ्याने काय करणार?

एक हात दांडीला अडकलेला, म्हणजे उरलेला हात आणि कान. मोबाइल हातात धरून वाचायला जाऊ नका. ब्रेक लागला की मोबाइल आणि तोल दोन्ही जातात. बस सुटायच्या आधी जे ऐकायचं ते लावून मोबाइल आतल्या खिशात ठेवा. काहीच लावलं नसेल तर पाठांतर: पाढे, सूत्रं, कालच्या कार्डांवरचे प्रश्न (प्रश्न ९).

आधीची किंवा नंतरची बस पकडून जागा मिळते का, हे एक आठवडा तपासून पाहा. वीस मिनिटं लवकर निघून पन्नास मिनिटं बसायला मिळणार असतील तर सौदा फायद्याचा आहे. मात्र जागा जिथून बस सुटते तिथेच मिळते, वाटेतल्या थांब्यावर नाही. घर वाटेतल्या थांब्याजवळ असेल तरी आधी स्टँडवर जाणं परवडतं का ते बघा.

६. एसटीचा मासिक पास काढावा की रोज तिकीट घ्यावं?

मासिक पासला २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस प्रवास करता येतो. त्रैमासिक पासला ५० दिवसांचं भाडं भरून ९० दिवस. सहा दिवसांचा आठवडा असेल तर महिन्यात २५-२६ दिवस जाणं होतं, तेव्हा मासिक पास सरळ फायद्याचा. पाच दिवसांचा आठवडा असेल तर २१-२२ दिवस होतात, आणि दोन सणांच्या सुट्ट्या व एक रजा आली की पास तोट्यात जातो. अशांना त्रैमासिक बरा पडतो, फक्त त्या ९० दिवसांत दिवाळीची किंवा उन्हाळ्याची मोठी सुट्टी येत नाही ना, ते पाहून काढा.

महिलांना १७ मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. २६ दिवसांचं अर्धं भाडं म्हणजे १३ दिवसांचं पूर्ण भाडं, जे पासच्या २० दिवसांपेक्षा कमीच. त्यामुळे महिलांनी पास काढण्याआधी हा हिशेब नक्की करावा. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे. विजयपूर किंवा कलबुर्गीला जाणाऱ्यांना पुढचं भाडं वेगळं पडतं.

पासचा पैशाबाहेरचाही एक फायदा आहे. तिकीट आणि सुट्ट्या पैशांसाठी ताटकळावं लागत नाही, पहिल्या दहा मिनिटांतही कानाला इअरफोन लावता येतो. पास आणि ओळखपत्र मात्र वरच्या खिशात ठेवा, पिशवीच्या तळाशी नको.

७. मोहोळ-माढा-कुर्डुवाडी भागात जाणाऱ्यांनी रेल्वे धरावी का?

अभ्यास किंवा लेखन करायचं असेल तर हो, वेळ जुळत असेल तर. रेल्वेत दणके कमी, वाचताना मळमळ कमी, उठून पाय मोकळे करता येतात. अडचण वेळेची आहे. बस चुकली तर पुढची मिळते, गाडी चुकली तर बराच वेळ थांबावं लागतं. कामाचं ठिकाण स्टेशनपासून लांब असेल तर वाचवलेला वेळ रिक्षात जातो.

रेल्वेचा मासिक पास १५० किलोमीटरपर्यंतच मिळतो. त्रैमासिक पासचा दर मासिकाच्या २.७ पट असतो. सुपरफास्ट गाडीने जायचं तर त्याचा अधिभार वेगळा भरावा लागतो. आरक्षित डब्यात हा पास चालत नाही, रेल्वेने काही गाड्यांत पासधारकांसाठी ठरवून दिलेले डबे सोडून. पास मोबाइलवर काढला असेल तर बॅटरी संपू देऊ नका (प्रश्न १६), कारण तपासनिसाला तो दाखवावा लागतो.

८. ऐकायचं काय, आणि कानाला त्रास होऊ नये म्हणून काय करायचं?

मराठीत आता बोलती पुस्तकं, आकाशवाणीचे कार्यक्रम, मुलाखती, व्याख्यानं, कीर्तनं भरपूर आहेत. आठवड्याचं एक पुस्तक किंवा एकच मालिका ठरवा. रोज सकाळी "आज काय ऐकू" म्हणत शोधायला लागलं की पंधरा मिनिटं शोधण्यातच जातात.

ऐकायचं ते रात्री घरीच डाउनलोड करून ठेवा. चालत्या बसमध्ये नेटवर्क तुटत राहतं, बॅटरीही जास्त खर्च होते. साधी बोलकी ध्वनिफीत ६४ केबीपीएसला (हा आवाजाच्या दर्जाचा आकडा) तासाला सुमारे २९ एमबी घेते, १२८ला ५८ एमबी. आठवड्याचे दहा तास म्हणजे जास्तीत जास्त ६०० एमबी. जुन्या मोबाइलमध्येही बसतात.

आवाजाबद्दल मनापासून सांगतो, इथे हलगर्जी करू नका. बसच्या इंजिनाच्या आवाजावर मात करायला लोक आवाज वाढवत नेतात आणि रोज दोन-तीन तास तसंच ऐकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेनुसार ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, पण ९० डेसिबल फक्त ४ तास. म्हणजे मोठ्या आवाजातलं अप-डाऊन दोन दिवसांतच आठवड्याची मर्यादा ओलांडतं. उपाय स्वस्त आहे: कानात घट्ट बसणारे रबरी टोकाचे इअरफोन. सोबत तीन मापांची टोकं येतात. आपल्या कानाचं माप शोधा, बाहेरचा आवाज दबतो आणि कमी आवाजात काम भागतं. बस थांबल्यावर आवाज खूप मोठा वाटला तर तो आधीपासूनच जास्त होता असं समजा.

गाव जवळ आलं की एक कान मोकळा करा.

९. स्पर्धा परीक्षेचा किंवा मुक्त विद्यापीठाचा अभ्यास बसमध्ये होऊ शकतो का?

पाठांतर आणि उजळणी होते. नवीन विषय समजून घेणं अर्धवट होतं. कच्चं काम लागणारी गणितं होत नाहीत. म्हणून विषय घरी, उजळणी बसमध्ये.

सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे कार्डं. जाड ए-४ कार्डशीट घ्या, तीन वेळा दुमडून आठ तुकडे करा. प्रत्येक तुकडा साधारण साडेदहा बाय साडेसात सेंटिमीटरचा होतो, शर्टाच्या खिशात मावतो. पाच शीटमध्ये चाळीस कार्डं. पुढे प्रश्न, मागे उत्तर, आणि एका कार्डावर एकच गोष्ट. "१८५७चा उठाव" असं कार्ड करू नका, मागे अख्खं पान भरतं आणि काहीच पाठ होत नाही. "सोलापुरात मार्शल लॉ कोणत्या वर्षी लागला?" मागे "१९३०". एवढंच. कोपऱ्यात भोक पाडून दोरी ओवा, म्हणजे दणक्यात कार्डं सांडत नाहीत.

तीन गठ्ठे करा. पहिला रोजचा. त्यातलं कार्ड बरोबर आलं की दुसऱ्यात, तो दर तिसऱ्या दिवशी. तिथेही बरोबर आलं की तिसऱ्यात, तो आठवड्यातून एकदा. कुठेही चुकलं की कार्ड परत पहिल्या गठ्ठ्यात. दिवसाला नवीन कार्डं दहाच. उत्साहात पन्नास घातली तर चौथ्या दिवशी पहिला गठ्ठा इतका फुगतो की तो उघडायलाच नको वाटतो. हा सगळा बेत मोडतो तो बहुतेक वेळा इथेच.

पाठ्यपुस्तकांचं ओझं वाहू नका. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात मोफत मिळतात, मराठी विश्वकोशही ऑनलाइन मोफत आहे. हवं ते प्रकरण मोबाइलमध्ये घ्या. पीडीएफ मोबाइलवर आडवी धरून वाचा, अक्षर मोठं दिसतं. अंकगणित करायचंच असेल तर तोंडी: ३० पर्यंतचे वर्ग, १५ पर्यंतचे घन, टक्केवारीचे अपूर्णांक.

१०. चालत्या बसमध्ये लिहिता येतं का?

वाक्यं नाही, शब्द लिहिता येतात. तळहाताएवढी जाड पुठ्ठ्याची वही आणि साधी लाकडी पेन्सिल. बारीक शिशाची पेन्सिल दणक्याला मोडते, पेनाची रेघ पानभर ओढली जाते. एका ओळीत तीन-चार शब्द, मोठ्या अक्षरात. घरी गेल्यावर त्याच दिवशी वाक्यं करा, दुसऱ्या दिवशी आपलंच अक्षर लागत नाही.

बोलून रेकॉर्ड करायचं असेल तर मोबाइल तोंडापासून चार बोटांवर धरा आणि दुसऱ्या हाताने वारा अडवा. मोकळ्या खिडकीत बसून केलेलं रेकॉर्डिंग नंतर ऐकूच येत नाही.

११. अक्कलकोट-मंद्रूपकडे नोकरी आहे, कन्नड येत नाही. प्रवासात शिकता येईल का?

येईल, आणि इतकी चांगली सोय पुस्तकात नाही. शेजारच्या सीटवर कन्नड बोलणारं माणूस बसलेलं असतं. सोलापुरात तेलुगू शिकायचं असेल तरी हेच.

आधी प्रश्नार्थक शब्द घ्या: एल्ली म्हणजे कुठे, एष्टु म्हणजे किती, यावाग म्हणजे केव्हा. मग दिवस: निन्ने काल, इवत्तु आज, नाळे उद्या. आठवड्याला दहा शब्द, कार्डांवर देवनागरीत (प्रश्न ९). रोज एका सहप्रवाशाशी एक वाक्य बोलायचं, चुकलं तरी. लोक आनंदाने दुरुस्त करतात. बोली जागेनुसार बदलते, म्हणून ज्या गावात काम आहे तिथलाच उच्चार पक्का करा. लिपीच्या मागे सुरुवातीला लागू नका. तीन-चार महिन्यांनी बसच्या पाट्या वाचत वाचत ती येते.

१२. मला फक्त झोपच येते. तो वेळ वाया गेला का?

पहाटे पाचला उठणाऱ्याच्या झोपेला वाया गेली म्हणता येणार नाही. पण मोजून झोपा. वीस मिनिटांत उठलं की ताजं वाटतं. अर्ध्या तासापुढे झोप गाढ होते आणि मधेच उठल्यावर डोकं जड राहतं. संध्याकाळी परतताना तासभर झोपलात तर रात्री लवकर झोप लागत नाही, सकाळी पुन्हा उशीर.

थरथरणारा गजर लावा आणि मोबाइल छातीच्या खिशात ठेवा. ठिकाणावर आधारित गजराचं ॲप वापरत असाल तर अंतर ३ किलोमीटर ठेवा. ताशी ५० च्या वेगाने साडेतीन मिनिटं मिळतात, तेवढ्यात पिशवी आवरून होते. पिशवीचा पट्टा हातात अडकवून झोपा.

१३. ऑफिसचं काम प्रवासात उरकलं तर चालेल का?

यादी करणं, ईमेल वाचून ठेवणं, उद्याच्या तासाची आखणी चालते. बँकेचे व्यवहार, ओटीपी, ग्राहकांची माहिती, विद्यार्थ्यांचे गुण बसमध्ये उघडू नका, मागच्या सीटवरून पडदा स्पष्ट दिसतो. तपासायच्या उत्तरपत्रिका नेऊच नयेत. एक जरी हरवली तरी निस्तरणं अवघड.

फोनवर मोठ्याने कामाची बोलणी केली तर सगळ्या बसला कळतात. "पोहोचल्यावर बोलतो" असं सांगून ठेवा.

१४. घरची कामं नेता येतात का?

लसूण सोलणं, मेथी-कोथिंबीर निवडणं, शेंगा फोडणं रेल्वेत सहज होतं, बसमध्ये जागा मिळाली तर. दोन पिशव्या लागतात: एक निवडलेल्याची, एक कचऱ्याची, आणि कचरा उतरताना सोबत न्यायचा. सुरी नेऊ नका. विणकामासाठी लांब सुयांऐवजी क्रोशाची आखूड सुई घ्या, धक्का बसला तर शेजाऱ्याला टोचत नाही.

१५. सकाळचा नाश्ता बसमध्येच करावा का?

घरी पंधरा मिनिटं मिळत नसतील तर करा, पण कोरडं न्या. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यापेक्षा चांगलं काही नाही: सांडत नाही, वास मारत नाही, उन्हाळ्यात टिकते. पातळ भाजीचा डबा पुस्तकांच्या पिशवीत ठेवू नये.

१६. उन्हाळ्यात मोबाइल तापून बंद पडतो. पॉवर बँक किती मोठी घ्यावी?

१०,००० एमएएचची पुरते. त्यातले प्रत्यक्ष मोबाइलला सहा-साडेसहा हजार मिळतात, बाकी व्होल्टेज बदलताना आणि उष्णतेत जातात. म्हणजे ५,००० एमएएचचा मोबाइल एकदा पूर्ण भरून थोडी उरते. उन्हात, खिडकीच्या कडेला ठेवून चार्ज करू नका, गरम मोबाइल स्वतःच चार्जिंग मंद करतो. शक्यतो घरूनच भरून निघा. तापला तर कव्हर काढा, पडद्याचा उजेड कमी करा, सावलीत पिशवीत ठेवा. गार करायला पाण्याच्या थंड बाटलीला लावून ठेवू नका, आत दव धरतं.

१७. मी चिंचोळी एमआयडीसीला दुचाकीने जातो. मला काय उपयोग?

गाडी चालवताना कानात काहीही नको. मागून येणाऱ्या ट्रकचा हॉर्न ऐकू येणं पुणे रस्त्यावर जिवाचा प्रश्न आहे. डोकंही रस्त्यावरच हवं, त्यामुळे "गाडीवर विचार करतो" हाही सल्ला आम्ही देत नाही.

दुचाकीवाल्याचा वेळ दोन टोकांना असतो. दहा मिनिटं आधी पोहोचून गेटच्या आत सावलीत बसून कार्डं काढा. कंपनीची बस असेल तर महिनाभर वापरून बघा: पेट्रोल वाचतं आणि प्रश्न १ मधला तिसरा तुकडा हाती येतो.

१८. चौघे मिळून कारने जातो. खर्च कसा वाटायचा आणि वेळ कसा वापरायचा?

खर्च लिटरमध्ये मोजा, रुपयांत नको. जाऊन-येऊन १४० किलोमीटर आणि गाडीचं ॲव्हरेज १८ असेल तर पावणेआठ लिटरच्या आसपास, चौघांत प्रत्येकी सुमारे दोन लिटर. महिन्याला जितके दिवस आलात तितक्या पट पेट्रोल आपल्या पाळीला भरायचं. दर बदलला तरी वाद होत नाही. टोल आणि सर्व्हिसिंग वेगळं लिहून ठेवा.

चालवणाऱ्याच्या शेजारी बसलेल्याने झोपायचं नाही, पहाटे आणि रात्री तर अजिबात नाही. सगळ्यांनी मिळून ऐकायचं असेल तर आदल्या दिवशी ठरवा. मागच्या दोघांना अभ्यास करायचा असेल तर त्यांची जागा आठवडाभर तीच ठेवा.

१९. माझी शिफ्ट दर आठवड्याला बदलते. वेळापत्रक कसं ठेवायचं?

घड्याळावर नको, कामावर जाताना आणि येताना असं ठेवा. जाताना अभ्यास, येताना विश्रांती, मग ती वेळ पहाटेची असो की रात्रीची. रात्रपाळी करून येताना काहीही वाचू नका आणि उजेडाचा पडदाही बघू नका, घरी जाऊन झोप लागायला त्रास होतो. उन्हाचा चष्मा लावून शांत बसा. त्या आठवड्यात नवीन कार्डं बंद, फक्त जुनी.

२०. वारी आणि गड्ड्याच्या यात्रेत सगळं कोलमडतं. तेव्हा काय?

आषाढी-कार्तिकीला पंढरपूरच्या गाड्या भरून जातात, रस्ते वळवले जातात. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रेमुळे (हीच गड्ड्याची यात्रा) सोलापूर शहरातून बाहेर पडायलाच वेळ लागतो. नवरात्रात तुळजापूरकडे तेच. या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच कॅलेंडरवर खुणा करून ठेवा आणि त्या आठवड्यात उभ्याने होईल तेवढंच काम ठेवा (प्रश्न ५). परीक्षा जवळ असेल तर रजा याच दिवसांत टाका. प्रवासाचा वेळ वाढलेला असतो, म्हणून एका रजेत इतर दिवसांपेक्षा जास्त तास हाती येतात.

२१. रोजची मंडळी गप्पांना बोलावतात. नाही म्हटलं तर वाईट दिसतं.

जाताना अभ्यास, येताना गप्पा, असं एकदा मोकळेपणाने सांगून टाका. परीक्षा आहे म्हटल्यावर लोक स्वतः जागा धरून ठेवतात. ही मंडळी तोडू नका. गाडी उशिरा असल्याचा निरोप, आजारपणात साहेबांना फोन, अंधारात उतरणाऱ्या मुलींना सोबत, हे सगळं त्यांच्यामुळेच होतं.

२२. आठवड्यातून एकदा पुण्याला जातो. चार तासांचं काय करू?

सोलापूर-पुणे रेल्वेने अडीचशे किलोमीटरहून जास्त आहे, त्यामुळे मासिक पास लागू नाही. आरक्षण करूनच जा. बसायची खात्री असली तर रोजच्या प्रवासात न होणारं काम इथे होतं: सलग वाचन, लॅपटॉपवर लेखन, अख्खं प्रकरण. पन्नास मिनिटं काम, दहा मिनिटं उठून चालणं, असे तीन फेरे घ्या. चौथा तास रिकामा ठेवा. हुतात्मा एक्सप्रेसने पहाटे निघणाऱ्यांनी पहिला तास झोपेला द्यावा आणि कुर्डुवाडीपासून काम सुरू करावं.

२३. दोन महिने नीट चाललं, मग सुटलं. पुन्हा कसं लावू?

सुटण्याची कारणं बहुतेकांची तीनच असतात. पिशवी सकाळी भरली जाते, घाईत पुस्तक किंवा इअरफोन राहतो. ती रात्री भरून दाराजवळ ठेवा. दुसरं, हातातलं पुस्तक किंवा मालिका संपते आणि पुढचं ठरलेलं नसतं. शनिवारी ग्रंथालयात जाऊन पुढचं आणा, सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी ग्रंथालयं आहेत. तिसरं, सुरुवातीच्या जोरात काम वाढवलेलं असतं. कार्डं दिवसाला पाचवर आणा, वाचन दहा पानांवर, आणि पंधरा दिवस तेवढंच ठेवा. एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायचं नाही. त्या दिवसाचं जेवढं ठरलंय तेवढंच.